रोज दोन चमचे

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. या वेळी तेच अंगाशी आलं.

सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. इस्पितळातल्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "बाबूजी, अल्कोहल लेते हैं?" हे म्हणाले, "रोज." सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतात. ह्यांची नोकरी इकडे उत्तरेत, रेल्वेच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे आसवात अल्कोहोल असतं हे ह्यांना पक्कं ठाऊक. किती घेता, ते तिने विचारलं नाही. कागदावर आजाराचा जो कोड नंबर पडला, तो दारूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराचा. दारू सोडा, एवढाच उपचार. साखर कुणी तपासलीच नाही.

रेल्वे कॉलनीतल्या होळीत मित्र पेला पुढे करायचे, तेव्हा हे ताकाचं भांडं घेऊन बसायचे. सगळे 'पंडितजी' म्हणून चिडवायचे. ते दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

"राहू दे गं," हे म्हणाले. "या वयात कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. भलत्याच दुखण्यावर उपचार चाललाय आणि खरं दुखणं आत वाढतंय."

सून आभा आम्हाला गाडीतून परत त्याच इस्पितळात घेऊन गेली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "अम्माजी, कोड तो कंप्यूटर में चढ़ गया. डॉक्टर लिखेंगे तभी बदलेगा."

"मग भैया, लिहिणारा डॉक्टर दाखवा," मी म्हटलं आणि बाकावर बसले. दुपारी यकृताचे तज्ज्ञ डॉ. मुकुल भेटले. त्यांनी आधी चमच्याचं माप विचारलं, मग ह्यांची कंबर मोजली, रक्तदाब घेतला, रक्त तपासायला पाठवलं. साखर बरीच वाढलेली निघाली.

ते हिंदीत समजावत होते. या आजाराची विभागणी आता कारणावरून करतात. साखर, वजन, रक्तदाब यांच्यामुळे झाला तर एक गट, दारूमुळे झाला तर दुसरा, दोन्ही असली तर तिसरा. दोन चमच्यांनी माणूस दारूच्या गटात जात नाही, पण यकृत असं असताना आता तेही नकोत. "निदान मैं लिख रहा हूँ, कोड उसी से बनेगा. खाने में मीठा चलता है?"

आभा म्हणाली, "डॉक्टर साहब, सुबह दूध-जलेबी, इतवार को शीरा. और मम्मीजी की पुरणपोळी में तो घी तैरता है."

गाडीत हे म्हणाले, "आळ दारूवरून उठला तो थेट तुझ्या कढईवर येऊन बसला."

झोंबलं मला. ह्यांना खाऊ घालण्यातच माझा जन्म गेला होता.

"बसू दे," मी म्हटलं. "कढई माझी आहे. मीच उतरवीन."

सकाळी ह्यांच्या पुढ्यात मुगाचं धिरडं ठेवलं, वर तूप नाही.

"जलेबी?"

"बंद."

"निदान द्राक्षासव?"

"यकृताला थेंबही नको, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय."

ह्यांनी धिरड्याचा तुकडा मोडला आणि चटणी मागितली.