सत्तर पानांचा पुडा

दामिनी पुन्हा सत्तरावर थांबली. मोजलेल्या चिंचोक्यांचा ढीग तिने हलकेच बाजूला सारला आणि उरलेल्यांतून "एक, दोन" असं नव्याने सुरू केलं.

हरिदास गुरुजींनी दारात उभ्या असलेल्या तिच्या आजीकडे पाहिलं. "बघा, गिरजाबाई. शाळा उघडल्यापासून हेच चाललंय. शंभरापर्यंत येत नाही, तर दुसरीत कशी ठेवू? सोमवारपासून पहिलीत बसू द्या."

गेल्या पोळ्याच्या सुमारास पोरीची आई, प्रेमिला, तापाने गेली. तेव्हापासून दामिनी हो-नाहीवरच दिवस काढायची. आज सकाळी वेणी घालताना मात्र एवढं बोलली होती, "पहिलीत बसवलं त मी शाळेत नाई जात." बोलली की ती तसंच करायची.

पोरीची बोटं भराभर चालली होती. ही बोटं गिरजाबाईच्या ओळखीची होती. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात, कोणी न सांगता, दामिनी आईच्या जागेवर मांडी घालून बसली होती. म्हातारीला धूसर दिसायचं, म्हणून दोघींची पानं तीच मोजायची. सत्तर झाली की सालीच्या दोरीने पुडा बांधायचा, पुन्हा एकपासून सुरू.

गिरजाबाईने डोक्यावरचा पदर सावरला.

"गुरुजी, चूक पोरीची नाई, आमच्या घरची हाये. पुडा सत्तर पानाचाच रायते. मोजणी चुकली त फळीवर पानं मोजून घेनारा मुनशी पुडा फेकून देते. तिले सत्तरावर थांबाचं आमीच शिकवलं."

गुरुजी पोरीसमोर उकिडवे बसले आणि हे सगळे मिळून किती, असं त्यांनी विचारलं.

दामिनीने ढिगांवरून नजर फिरवली. "तीन पुडे आन बावीस."

गुरुजींनी स्वतः मोजायला घेतलं. मध्येच चुकले. "गुरुजी, तुमाले पहिलीत बसवा लागते," मागून एक पोरगी म्हणाली आणि वर्ग खिदळला. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोनशे बत्तीस भरले. शेवटचा चिंचोका त्यांनी त्या सात वर्षांच्या पोरीच्या हातावर ठेवला.

"दामिनी, इथे पुडा बांधायचा नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "सत्तर झाले तरी जात राहा."

दामिनीने मान वळवली. "आजी, जाऊ का पुढं?"

"जाय, माय. इथी मुनशी नाई."

पोरीने पहिल्यापासून सुरुवात केली. गिरजाबाईचेही ओठ तिच्याबरोबर हलू लागले. साठ गेले, पासष्ट गेले, सत्तर आले. दामिनीची बोटं क्षणभर अडली. वर्ग रोज घोकायचा ते आकडे तिच्या कानात होतेच. तिने श्वास घेतला.

"एकाहत्तर."

गिरजाबाईचे ओठ थांबले. त्यापुढचे आकडे तिला उभ्या जन्मात लागले नव्हते. बहात्तर, त्र्याहत्तर, पोर एकटीच पुढे निघाली होती, आणि म्हातारी चौकटीला धरून, पाय न हलवता ऐकत होती.