कोळवंभर शेवया

परंड्याच्या पेठेत महांतप्पाची धान्याची अडत होती. तिथल्या मोठ्या तराजूवर दर सोमवारी, गिऱ्हाईक यायच्या आत, ज्वारीच्या पोत्यासारखी त्याची बायको रुद्रम्मा तोलली जायची.

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. जंगमाचा अंगारा झाला, हकिमाच्या पुड्या झाल्या. शेवटी सासू मल्लम्मा आणि महांतप्पा तिला निजामाची हद्द ओलांडून बार्शीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं सासूचं गाठोडं सोडायला लावलं, तर आत निघाल्या शेवया. माकणीहून रुद्रम्माची आई दर उन्हाळ्यात डबाभर शेवया धाडायची. सून जाड झाली ती या शेवयांनी, असं मल्लम्माचं ठाम मत. डॉक्टरला दाखवायला तिनं त्या मुद्दाम बांधून घेतल्या होत्या.

डॉक्टरनं तपासलं आणि मग बोलणं थोरांशी झालं. सुनेसमोर असल्या गोष्टी कशा बोलायच्या, म्हणून रुद्रम्माला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. पोट तिचं, अंग तिचं, पण ऐकायचं इतरांनी! महांतप्पाही पैसे चुकते करायला उठून गेला. थोड्या वेळानं मल्लम्मा बाहेर आली.

"चरबी उतरली तर दिवस ऱ्हातील म्हनतो. दिसातनं एकदा कोळवंभर शेवया, बाकी पालेभाजी. दूध, गूळ, तूप बंद."

महांतप्पानं त्याच दिवशी आपलंही माप सांगितलं. बेंबळीहून त्याच्यासाठी, दुसरी बायको म्हणून, मल्लम्माच्या भावाच्या नातीची सोयरीक आली होती. "पाडव्याच्या आत तू दोन मणाच्या खाली आलीस, तर बेंबळीला न्हाय म्हणून कळवतो," तो म्हणाला. तेव्हा ती दोन मण बारा शेर होती.

रुद्रम्मा इरेला पेटली. दुपारी लिंगपूजा झाली की शेवया शिजवायची, पाणी निथळवायची आणि कोळव्याच्या चिमुकल्या मापात भरायची. अडतीतले हमाल माप सपाट करतात तसं बोटानं वरचं सपाट करायची, काठावरून लोंबणारी एखादी शेवईसुद्धा तोडून गाईच्या गव्हाणीत टाकायची. दोन घासांत जेवण संपायचं. मग ताट धुऊन ते पाणी पिऊन ती तशीच बसून राहायची. मल्लम्मा उंबऱ्यावर सुपारी कातरत हे रोज बघत होती. भुकेनं रुद्रम्माला रडू यायचं, पण सासूसमोर रडायला ती काही वेडी नव्हती.

संक्रांतीला बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. पाडव्याआधीच्या सोमवारी काटा एक मण अठ्ठावीस शेरांवर थांबला. महांतप्पानं वजनं पुन्हा तपासून पाहिली. रुद्रम्माला वाटलं, जिंकले. दोन दिवसांनी ती आडावर घागरीसकट कोसळली.

या खेपेला तिला धरून बार्शीला आणायला महांतप्पा एकटाच होता, त्यामुळं बाकावरून ती आत गेली. डॉक्टरनं तिच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि काय खाता, कसं मोजता, ते विचारलं. तिनं सांगितलं. तो चिडलाच.

"शिजवून मोजता? अहो, कोरड्या मोजायच्या! शिजल्यावर त्या तिप्पट होतात. तुमच्या सासूबाईंच्या पुढ्यात मी कोरड्याच भरून दाखवल्या होत्या. तुम्ही चार महिने उपाशी आहात. आता वर्षभर मूल नको, आधी अंगात रक्त भरू दे."

परतताना नाका ओलांडल्यावर महांतप्पा बोलला. "वरीसभर बेंबळीवाले कशाला थांबतील? शब्द दिला हुता म्या, खरं हाय. पर आता तुज्यात ऱ्हायलंय काय?"

घरी आल्यावर रुद्रम्मानं सासूला गाठलं. "आत्याबाई, तुमाला ठावं हुतं."

मल्लम्माचा अडकित्ता थांबला नाही. "तू इच्चारलंस कुटं? आन म्या काय तुज्या तोंडातला घास काढला? तुज्या हातानं मोजलंस."

हे मात्र खरं होतं, आणि रुद्रम्माला तेच सोसवेना.

चैत्रातच महांतप्पाचं लग्न निघालं. नवीला पहिली हळद थोरल्या सवतीनं लावायची रीत, म्हणून रुद्रम्माला उठवून पाटाशी बसवलं. जमलेल्या बायकांना मल्लम्मा कौतुकानं सांगत होती, "पोर कशी भरल्या अंगाची हाय, बगा. घर भरल्यावानी वाटतंय."

रुद्रम्मानं एका दंडाला हळद लावली, दुसऱ्याला लावली. पाठीला यायच्या आत वाटी संपली. दुसरी मागवावी लागली.