देवीचा वास

अंबाडीजवळच्या पाड्यावर कमळच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण वाकून तिच्या अकरा वर्षांच्या नेत्राच्या तोंडाशी नाक नेई आणि हात जोडून मागं सरे. पोरीच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोड वास येत होता.

"आई उतरली हाय!" मोरू भगत गरजला. "भात्यावानी श्वास चाललाय, मानसाचा हाय का ह्यो? हंडाभर पानी पोर पीत न्हाय, आई पिते! अंग वाळलं, कारन आईला मांस नको, भक्ती पायजे!"

कमळला हायसं वाटलं. पोर कधी नव्हे ती अंथरूण ओलं करत होती, भरपेट जेवूनही फ्रॉक ढगळ होत होता. त्याचा अर्थ आता लागला. भगतानं सांगितला म्हणून ती उसाचा रस पाजत राहिली.

"आये, पोटात दुखतंय," म्हणून नेत्रा ओकली.

"आई परीक्षा बघते," भगत म्हणाला.

नेत्रा शाळेत येईना म्हणून ऋतिकाबाई घरी आल्या. हाका मारूनही पोर डोळे उघडेना. बाईंनी भगताला बाजूला सारलं आणि जीप मागवली.

भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं. "मधुमेह. साखर भयंकर वाढलीय."

"एवढ्याशा पोरीला?" कमळनं विचारलं.

"लहान मुलांनाही होतो. अंगाला साखर वापरता येत नाही, मग चरबी जळते आणि रक्त आंबतं. धाप त्याचीच. वासही त्याचाच. नेलपॉलिश पुसायच्या औषधाला येतो ना, तोच."

"वाचंल ना?"

"इन्सुलिन लावलंय. फार उशीर केलात, ताई."

नेत्रा शुद्धीवर आलीच नाही.

बाराव्याला भगत नारळ घेऊन हजर झाला. "आईनं पोर आपल्यापाशी नेली. हितं स्थान बांधू."

बायांनी हात जोडले. कमळ आत गेली आणि ओला कापूस मुठीत घेऊन आली.

"डोळं मिटा, बुवा." तिनं मूठ त्याच्या नाकाशी नेली. "कसला वास?"

भगतानं लांब श्वास ओढला. "आईचा! अजून घरात हाय!"

कमळनं पदराआडची बाटली वर धरली. "भिवंडीत धामणकर नाक्याला बांगडीवाल्याकडं भेटते. नखांचा रंग पुसायची."

बायांचे जोडलेले हात खाली आले. भगत नारळ तिथंच टाकून कुंपणाकडे सरकला.

"माझी पोर रोगानं गेली," कमळ बायांना म्हणाली, "आन् मी तिला रस पाजत बसले. पोर सारखं पानी मागतंय, सारखं मुतायला जातंय, खाऊनपन वाळतंय, तर भगत बोलवू नका. दवाखान्यात न्या. बोटातल्या थेंबभर रगतावर कळतं."

मागून शेजारची काशी चाचरत म्हणाली, "माझी दिपाली रातभर पानी मागते."

"मग ऊठ," कमळ म्हणाली. "आत्ताच. मी येते संगती."