दारातलं क्रियापद

"बॅग खाली ठेव आधी," बाबा म्हणाले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

लेकीने बॅग ठेवली. टॅक्सी केव्हाची खाली येऊन थांबली होती.

"बाबा, आता मी दोन पोरांची आई आहे."

"म्हणून काय इंग्रजी बदललं? स्माइट. म्हणजे हाणणे. चारही भविष्यकाळ, चल."

बाबा हाडाचे मास्तर. लांब जाणाऱ्या प्रत्येकाला ते दारात असंच एखादं आडवळणाचं क्रियापद द्यायचे. बिनचूक आलं तर कडी निघायची. चुकलं की बूट काढा, आत या, बसा, पहिल्यापासून. गाडी सुटली तरी बेहत्तर. लेकीच्या धाकट्या भावाची एकदा खरंच सुटली, तेव्हा आईने त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. इंग्रजीचं अक्षर न येणारी आई भांडी विसळता विसळता आतून उत्तरं पुरवायची. ऐकून ऐकून तिचं सगळं पाठ झालं होतं. काय गलका असायचा तेव्हा या दारात! आता स्वयंपाकघरात कोणीच नव्हतं.

गेल्या महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले, तशी लेक धावत आली आणि रजा वाढवत राहिली. काल जेवताना ती म्हणाली, नोकरी सोडते, पोरांना घेऊन इथेच येते. "माझं मी बघतो," म्हणत बाबांनी विषय उडवून लावला होता.

"आय शॅल स्माइट," ती म्हणाली. "आय शॅल बी स्माइटिंग."

"पुढे?"

पुढे 'स्मिटन' येतं, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. बाबा काठीवर सगळा भार टाकून उभे होते. तिचा पाय निघेना.

"आय शॅल हॅव स्माइटेड," ती म्हणाली आणि बूट काढायला खाली वाकली.

बाबांच्या भुवया वर गेल्या. जन्मात त्यांनी कोणाची चूक पोटात घातली नव्हती. लेकीची लग्नपत्रिकासुद्धा लाल शाईने तपासली होती. खालून हॉर्न वाजला.

"बरोबर," ते म्हणाले.

तिने वर पाहिलं. "बाबा, अहो..."

"बरोबर आहे म्हटलं ना, ठमे." त्यांनी मागे वळून कडी काढली. "चौथं पोचल्यावर फोनवर सांग."