कानस न लागलेले पिस्तूल

मी एक जुने पिस्तूल आहे. मित्रांनो, तुम्ही चोर-शिपायाच्या गोष्टीची वाट पाहत असाल, तर आधीच सांगतो, तुमची निराशा होईल. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना कारखान्यातल्या एका टेबलावर घडली, आणि तेव्हा मी पुरता जोडलेलाही नव्हतो.

पूर्वी आमच्या कारखान्यात प्रत्येक पिस्तूल कानशीने घासून जुळवत. त्यात एका म्हाताऱ्या फिटरचा हातखंडा होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याने जुळवलेले पिस्तूल कधी अडकत नसे, पण त्याचा एखादा भाग मोडला की पंचाईत व्हायची. दुसऱ्याचा भाग त्याला बसत नसे. मग स्वारी पुन्हा मिस्त्रीच्याच टेबलावर हजर.

पुढे नवी यंत्रे आली आणि जुळणीचा विभाग मिस्त्रीच्या मुलीकडे गेला. कुठलाही भाग कुठल्याही पिस्तुलात बसला पाहिजे, खोके उघडल्याबरोबर ते चालले पाहिजे, असा तिचा हट्ट होता. घरी ती त्याला बाबा म्हणे, कारखान्यात मात्र मिस्त्री. तोही तिला ‘बाई’ म्हणायचा, तेही जरा लांबवून.

एकदा मोठी ऑर्डर आली आणि गिऱ्हाइकाचा तपासनीस आला. त्याने आम्हा काही पिस्तुलांचे भाग सुटे करायला लावले, सगळे भाग ट्रेमध्ये कालवले आणि म्हणाला, “आता जोडा. कानस किंवा दुसरं कुठलं हत्यार वापरायचं नाही.” ऑर्डर गेली तर बाईची खुर्ची जाणार होती. मिळाली तर मिस्त्रीचे कानशीचे टेबल बंद होणार होते. जोडायला बसवले होते मिस्त्रीलाच.

माझी पाळी आली. माझ्यावर जी सरकती स्लाइड चढवली, ती जाता जाता किंचित घासली. मिस्त्रीच्या अंगठ्याला ते लगेच कळले. तपासनीस पाठमोरा होऊन गोळीचा आवाज अडवणारा पट्टा कानांवर चढवत होता. मिस्त्रीचा हात एप्रनच्या खिशात गेला. खिशात कानस होती.

“बाबा, नको,” शेजारी उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली. कारखान्यात तिने त्याला प्रथमच बाबा म्हटले.

“अगं, दोन हात मारले की बसेल.”

“माहितेय मला. पण खोकं उघडणाऱ्याच्या शेजारी तुम्ही असणार आहात का?”

“ऑर्डर जाईल, पोरी.”

“जाऊ दे.”

मिस्त्रीचा खिशातला हात रिकामाच बाहेर आला. “तुझ्या आईला तूच सांग मग,” तो म्हणाला आणि मला पुढे सरकवले.

चाचणीत दुसऱ्याच गोळीला मी अडकलो. स्लाइड पुरती बंद होईना. तपासनिसाने माझ्या गळ्यात लाल चिठ्ठी बांधली आणि सगळा माल नाकारला. कारखान्याच्या साहेबांनी बाईला जे सुनावले, ते मी इथे सांगत नाही. यंत्रातले पाते झिजले होते, हे तिने शोधून काढले, आणि त्या पात्याने कापलेले सगळे भाग भंगारात टाकायला लावले. त्यात माझी स्लाइडही गेली. मला नवी मिळाली. अर्धा देह गेला, पण खरे सांगायचे तर मला फारसे वाईट वाटले नाही.

गिऱ्हाइकाने आणखी एक संधी दिली, तपासनीस पुन्हा आला, भाग पुन्हा कालवले गेले, आणि या वेळी एकही पिस्तूल अडकले नाही. ऑर्डर मिळाली. मिस्त्रीची बदली पॅकिंगमध्ये झाली. मला खोक्यात ठेवताना त्याने स्लाइड मागे ओढून सोडली आणि मुलीला म्हणाला, “मला करायला काही ठेवलं नाहीस गं.” त्यात कौतुक होते आणि दुःखही होते.

मी औषधांच्या गोदामावरच्या एका रखवालदार बाईंच्या कमरेला लागलो. पहिल्या दिवसापासून बिनबोभाट चाललो, म्हणून त्यांनी माझी वाहवा केली. मग त्याच कारणाने त्या मला विसरल्या. तेल सुकले, आत धूळ साचली, आणि गोळीबाराच्या एका सरावाला मी गप्प बसलो. “कंपनीचा माल, असाच असायचा,” रखवालदार बाई वैतागून म्हणाल्या.

शस्त्रदुरुस्तीवाल्याने मला उघडले, पुसले, उजेडात धरून पाहिले. “माल चांगला आहे, मावशी. नुसतं साफ करत जा. हा बघा, कुणाला कानशीचा हातसुद्धा फिरवावा लागलेला नाही याच्यावर.”

मित्रांनो, वस्तू मुकाट्याने काम करते म्हणून तिला विसरू नका. तिला पुसा, तेल द्या. आणि कधी एखादी वस्तू खोक्यातून निघताच नीट चालली, तर ती बनवणाऱ्यांची आठवण काढा. माझ्यावर कुणाचा हात फिरलेला नाही, हे खरे आहे. फिरू नये म्हणून एका म्हाताऱ्याने तो आवरला होता, आणि त्याच्या मुलीने त्याला तो आवरायला लावला होता.