शिवप्पांचा हिरवा

तिसऱ्यांदाही प्रायमर फाटला, तेव्हा मी हातातली स्प्रे गन फेकून दिली. ती बादलीवर आपटली आणि तिचं नोझल वाकलं. म्हणजे आता नोझलही आणायचं. एवढ्याचीच कमी होती.

प्रायमर म्हणजे रंगाखालचा तांबडा थर. तो फाटतो म्हणजे काय, ते सांगते. पत्र्यावर गन फिरवली की ओला थर आधी छान पसरतो. आपल्याला वाटतं, जमलं बाई. आणि मग डोळ्यांदेखत त्यात गोल गोल खड्डे उघडायला लागतात, मसुराच्या डाळीएवढे. खड्ड्यात खालचा उघडा पत्रा दिसतो. मग सगळं वाळू द्यायचं, पॉलिश पेपरनं घासत परत पत्र्यापर्यंत जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. दर खेपेला बारा-तेरा दिवस जातात, कारण मला शाळा आहे, घर आहे आणि हात दोनच आहेत.

गाडी माझी नाही. माझ्या सासऱ्यांची, शिवप्पांची, चौसष्ट सालातली जीप. त्यांचा बियाण्यांचा धंदा होता आणि वैराग, करमाळा हे सगळे बाजार त्यांनी हिच्यावर केले. ते गेल्यावर ती अक्कलकोटकडच्या शेतात पत्र्याच्या शेडखाली पडून राहिली. कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. दीड वर्षापूर्वी आमच्या यजमानांच्या, म्हणजे अमरेशच्या, अंगात आलं. त्यांनी ती ट्रकवर घालून जुळे सोलापुरात आमच्या अंगणात आणली. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून नटबोल्ट सोडवले, चार माणसं बोलावून बॉडी चासीच्या सांगाड्यावरून उतरवली, लाकडी ओंडक्यांवर ठेवली आणि तिथेच कंबर धरून खाली बसले. तेव्हापासून ते खुर्चीत बसून मार्गदर्शन करतात.

काम माझ्यावर आलं, कारण माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात रंगारी होते. खळगे बुजवायला लांबी कशी भरायची, ती घासल्यावर जोड हाताला कळता कामा नये, हे मी दहाव्या वर्षी शिकले होते. माझ्या लग्नात वडिलांनी ही गोष्ट कौतुकानं सासरच्या माणसांना सांगितली होती. नसती सांगितली तर बरं झालं असतं.

आणि एवढी घाई कशाची, तर सासूबाईंची. त्यांचं नाव चंद्रव्वा. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. अत्तींना काचबिंदू आहे. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्याबद्दल जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, आता जेवढं दिसतंय तेवढं दिवाळीपर्यंत टिकलं तरी खूप झालं. अत्ती दवाखान्यातून घरी आल्या त्या सरळ घरात गेल्याच नाहीत. अंगणात जीपपाशी उभ्या राहिल्या.

"सिद्धू," त्या मला म्हणाल्या, "मला आता काय न्हाय बघायचं. ह्येचा रंग तेवढा एकदा बघू दे. त्यांचा हिरवा."

एकोणीस वर्षांच्या अत्ती लग्न होऊन वैरागहून सोलापूरला आल्या त्या याच जीपमध्ये, पुढच्या सीटवर. तेव्हा ती हिरवी होती. नंतर उन्हानं तो हिरवा आधी राखाडी केला आणि पुढं गंजानं खाऊन टाकला. डॅशबोर्डच्या मागं, जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथं बोटभर जुना रंग शिल्लक होता. तेवढा तुकडा कापून मी पेंटच्या दुकानात नेला. दुकानदार अनिलकुमारनं सहा वेळा मिसळून सातव्यांदा तो रंग जुळवला. तेव्हापासून हिरव्याचा डबा माझ्या माळ्यावर तयार आहे. पत्रा तेवढा ऐकत नव्हता.

जुलैभर मी तारेच्या ब्रशनं गंज काढला. ऑगस्टमध्ये सडलेला तळ कापून वेल्डरकडून नवा पत्रा जोडून घेतला, लांबी भरली, घासली. सप्टेंबर उजाडला आणि हे खड्ड्यांचं प्रकरण सुरू झालं.

पहिल्या वेळी मी कॉम्प्रेसरवर खापर फोडलं. टाकीत पाणी साचत असणार म्हणून दुसऱ्याचा मागून आणला. पुन्हा खड्डे. मग अनिलकुमारच्या दुकानात जाऊन भांडले. तुझ्या थिनरमध्ये भेसळ आहे म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, याच थिनरनं अख्खं सोलापूर रंगतंय की." तरी मी दुसऱ्या दुकानातून थिनर आणलं. तिसऱ्यांदा खड्डे पडल्यावर माझी नजर अमरेशवर गेली. हे बसलेले खुर्चीत, मांडीवर ताट, ताटात भाकरी आणि तेलात निथळणारी शेंगाचटणी. जेवता जेवता दुसऱ्या हाताच्या बोटानं बॉनेट दाखवत होते. "इथं जरा जास्त फाटलंय बघ."

"हात लावला का तुम्ही याला?"

"मी कशाला लावू?"

"चटणीचे हात लावता आणि वर मलाच विचारता कुठं फाटलंय?"

"अगं, मी डाव्या हातानं..."

"उठा. आजपासून या अंगणात पाय ठेवायचा नाही."

ते खुर्ची उचलून आत गेले, कंबर धरून, मुद्दाम हळूहळू. मला जरा वाईट वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. मी पुन्हा पेपर भिजवला आणि घासायला बसले. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, नखांत लाल माती जावी तसा प्रायमर गेलेला, खांद्यातून कळ येतेय आणि दिवाळीला पुरते पंचवीस दिवसही उरलेले नाहीत. त्या दिवसांत मी शाळेत पोरांवर इतकी ओरडले की हेडमास्तरांनी बोलावून तब्येतीची चौकशी केली.

आठ-दहा दिवसांनी बॉडी पुन्हा स्वच्छ झाली. रविवारी चौथ्यांदा प्रायमर मारायचा ठरला. शुक्रवारी कसल्याशा बैठकीमुळं शाळा अर्ध्यातच सुटली आणि मी दुपारी दोन वाजता घरी आले. अमरेश आत झोपले होते. अंगणात अत्ती उभ्या होत्या.

त्यांच्या एका हातात स्टीलची वाटी होती. दुसऱ्या हातातलं सुती फडकं त्या वाटीत बुडवत होत्या आणि मडगार्डवरून फिरवत होत्या. सावकाश, मडगार्डच्या वळणानं, एकही जागा न सोडता. बॉनेट आधीच चमकत होतं. वाटीत करडईचं तेल होतं.

"अत्ती! काय करताय हे?"

त्या दचकल्या नाहीत. "आलीस व्हय? तेल लावतीय गं. उघडं लोखंड तसंच ठिवू न्हाई, गंज चढतो. तुजे सासरे नांगराचा फाळसुदिक तेल लावून मगच ठिवायचे."

"कधीपासून लावताय?"

"तू घासून ठिवलीस की लावती. तू साळंला गेलीस की. लई घासतीस तू, म्हटलं आपण एवढं तरी करावं."

म्हणजे तिन्ही वेळा. मी पुसून घेत होते, नाही असं नाही, पण कोरड्या फडक्यानं, धूळ जाण्यापुरतं. तेलावर रंग बसत नाही. हे मी आठवीच्या पोरांना शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते. आणि माझ्याच अंगणात दीड महिना मी कॉम्प्रेसरला, अनिलकुमारला, नवऱ्याला शिव्या देत बसले होते. एका जागी उभं राहून पत्र्यावर नुसतं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं.

राग माझा माझ्यावर होता. निघाला अत्तींवर.

"तुम्हाला रंग बघायचा होता ना?" मी म्हटलं. ओरडलेच. "मग ऐका. तुमच्याच हातानं दीड महिना घालवलात तुम्ही. आता तुमचे डोळे जायच्या आत काही हे होत नाही. बसा तेल लावत!"

अत्तींनी फडकं घडी करून वाटीत ठेवलं. भिंतीला हात लावत लावत पायऱ्या चढल्या आणि आत गेल्या. अमरेश झोपेतून उठून दारात आले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत फिरले.

पुढचे आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. मी शाळेतून रजा काढली. थिनरमध्ये फडकी भिजवून अख्खी बॉडी पाच वेळा पुसली, नवीन फडकं, पुन्हा नवीन फडकं, आतून, बाहेरून, कोपऱ्याकोपऱ्यांत. मग घासली. मग पुन्हा पुसली. बुधवारी सकाळी प्रायमर मारला आणि श्वास धरून बघत राहिले. पाच मिनिटं. दहा. एकही खड्डा नाही. बॉनेटपासून मागच्या फळकुटापर्यंत सगळी गाडी एकसारखी तांबडी, गुळगुळीत. मला नाचावंसं वाटलं आणि सांगायला कुणी नव्हतं, कारण मीच सगळ्यांना अंगणातून हाकललं होतं.

शुक्रवारी हिरव्याचा डबा उघडला. थेट गाडीवर मारण्याआधी रंग कसा बसतो ते बघावं म्हणून उरलेल्या पत्र्याचा वहीएवढा तुकडा घेतला. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रायमर होता. एका बाजूवर हिरवा मारला. सुकला तेव्हा असा काही उतरला होता की मी स्वतःच खूश झाले. वाटलं, हा घेऊन अत्तींकडं जावं. माफी मागणं मला जमत नाही. हे त्यातल्या त्यात जमण्यासारखं होतं.

अत्ती मागच्या पायरीवर उन्हात पाय सोडून शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि पत्रा त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरला.

"अत्ती, हा बघा. हाच होता का?"

त्यांनी मान वर केली. हातातली शेंग तशीच राहिली. त्या पत्र्याकडं बराच वेळ बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "अगदी ह्योच गं. त्यांचा हिरवा. काय सुरेख दिसतोय!"

मला इतकं बरं वाटलं की मी पत्र्याकडं बघून हसले. आणि बघते तर हिरवी बाजू माझ्याकडं होती.

गडबडीत मी पत्रा उलटा धरला होता. त्यांच्याकडं होती ती प्रायमरची बाजू, विटेसारखी तांबडी.

मी पत्रा फिरवला नाही. अत्ती अजून तशाच हसऱ्या चेहऱ्यानं समोर बघत होत्या, पत्र्याच्या थोडंसं वर, जिथं काहीच नव्हतं.

"अत्ती," मी म्हटलं, "कधीपासून?"

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. थोडं राहिलं, मग गेलं. त्यांनी शेंग सुपात टाकली.

"गौरी बसल्या तवापासनं," त्या म्हणाल्या. "एक दिस सकाळी उठले तर अंधारच हुता. म्हटलं फिटंल. न्हाय फिटला."

"आणि सांगितलं नाहीत? आम्ही दवाखान्यात नेलं असतं!"

"डॉक्टर बोलला हुता की आदीच, गेला की गेला म्हणून. आन् तुला सांगितलं असतं तर तू काम सोडून बसली असतीस. एवढी राबत हुतीस. मी रोज दुपारी हात फिरवून बघत हुते, आज कुटवर आलीया. तेलाचं म्हणशील तर ते खरंच गंजासाठी हुतं हां. मला काय ठावं ते वंगाळ असतं म्हणून."

मी मनातल्या मनात हिशेब करायला लागले, आणि नको तिथं येऊन थांबले. गौरी सप्टेंबरात बसल्या. मी अंगणात ओरडले ते ऑक्टोबरात.

"अत्ती, त्या दिवशी मी जे बोलले..."

"व्हय."

"तेव्हा तर तुम्हाला..."

"न्हवतं दिसत."

"मग तेव्हाच का नाही तोंडावर मारलंत माझ्या? म्हणायचं होतं, गेलेत डोळे, आता काय बोलायचं ते बोल!"

अत्तींनी चाचपडून माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना शेंगांची माती लागली होती.

"आलं हुतं व्हटांवर," त्या म्हणाल्या. "पर सांगितलं असतं तर तुला जलमभर लागून ऱ्हायलं असतं, आपण आंधळीला असं बोललो म्हणून. म्हणून गप बसले. आता तुलाच कळलं, त्याला मी काय करू?"

पत्रा मी पायरीवर ठेवला आणि तिथंच त्यांच्याशेजारी बसले. मग त्यांनीच विचारलं, उद्या रंग मारणार ना. मी म्हटलं, कुणासाठी मारू.

"कुणासाठी म्हंजे? मला दिसत न्हाय म्हणून गाडी काय तांबडी ऱ्हाणार हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मार की. सकाळी लवकर मार, ऊन चढायच्या आत."