भरलेला बिल्ला

वांग्यांची टोपली दौलत डोक्यावर घ्यायला वाकला, तोच विमलबाईने ती ओढून घेतली आणि स्वतःच्या चुंबळीवर चढवली.

"मी का म्हातारा झालो?" दौलत म्हणाला.

"तुमी निसते चाला. वझं उचलू नका."

"आठ दिवसांपासून वझं उचलून नाई राह्यलो. तांब्याबी तूच भरून देते."

ती टोपली सावरून चालू लागली. तेलंगणातल्या जैनथच्या शिवारात त्यांचे दीड एकराचे भाजीचे रान होते, आणि पंचवीस वर्षांत या रानातली टोपली नवऱ्याच्या डोक्यावरून तिने कधी काढली नव्हती. आता ती त्याला दूध पाजत होती, उन्हातून हाकलत होती आणि तेल लावायच्या निमित्ताने रोज त्याचा गळा, काखा चाचपत होती. गाठ कशी लागते हे तिला ठाऊक नव्हते. त्यामुळे दर वेळी काहीतरी लागल्यासारखे वाटायचे आणि ती पुन्हा चाचपायची.

हे सारे त्या पत्राने केले होते. वीस वर्षांपूर्वी गावातले दौलत आणि चंपत ठेकेदाराबरोबर दूर समुद्राकाठच्या एका सरकारी कारखान्यात कामाला गेले होते. तिथे बॉम्बचा माल तयार होतो असे बाहेर बोलले जाई. आत कोणी बोलत नसे. सात वर्षे काढून दोघे परत आले. आता तिथल्या जुन्या मजुरांना कॅन्सर झाला तर भरपाई द्यायला एक समिती बसली होती. चंपतला रक्ताचा कॅन्सर झाला होता, म्हणून त्याने अर्ज केला. समितीने त्या टोळीच्या सगळ्याच नोंदी काढल्या, त्यामुळे उत्तर दोघांनाही आले. पोस्टमनने पारावर उभे राहून दोन्ही पत्रे वाचून दाखवली.

चंपतच्या पत्रात होते, की नोंदीप्रमाणे त्याच्या अंगाला रेडिएशन लागले ते अगदी थोडे, सबब अर्ज नामंजूर. आणि दौलतच्या पत्रात होते, की त्याची नोंद त्या टोळीत सर्वांत जास्त आहे, सबब त्याने हैदराबादला तपासणीसाठी हजर व्हावे.

थोडे लागले त्याची ही गत, तर जास्त लागले त्याचे काय होणार? हा हिशोब मांडायला शाळा लागत नाही. विमलबाईची झोप त्या दिवशी उडाली. आणि दौलत? त्याने पत्र घडी करून खुंटीवरच्या पिशवीत कोंबले आणि जेवायला तीन भाकरी मागितल्या. तिला त्याचा असा राग आला की तिने चौथीही वाढली.

दुपारी दोघे चंपतकडे गेले. चंपत खाटेवर होता. कधी काळी बैल अडवणारा गडी, पण आता त्याचे मनगट विमलबाईच्या दोन बोटांत मावले असते. त्याची बायको तुळजाबाई चहा ठेवायला आत गेली. विमलबाईही तिच्या मागे गेली, पण कान तिने बाहेरच ठेवले होते.

"दौल्या, काई बोलू नको," चंपत हळू सांगत होता. "तुह्यावर केस होईन. माहं आता काय राह्यलं?"

"तुळजावैनीचं तं राह्यलं ना."

"तुहं घर बुडवू नको. झाकून ठेवलं ते झाकूनच राहू दे."

विमलबाईने हातातली कपबशी खाली ठेवली. झाकून ठेवलं! म्हणजे ह्याला झालेलेच आहे. चंपतला माहीत आहे, ह्याला माहीत आहे, फक्त घरच्या बाईला तेवढे माहीत नाही. तिने चहा घेतला नाही. घरी यायच्या वाटेवर, पाण्याच्या टाकीपाशी, ती त्याच्या आडवी उभी राहिली.

"तुमाले काय झालं ते मले आत्ता सांगा."

"मले काय होते?"

"मी सारं आयकलं. काय झाकून ठेवलं तुमी दोघाईनं?"

दौलतने आजूबाजूला पाहिले. टाकीखाली एक म्हैस तेवढी उभी होती. तो टाकीच्या ओट्यावर बसला आणि डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला.

"माह्या नावावर जे लिवलं हाये ना, ते माहं नाई. ते चंपतचं हाये."

मग त्याने सांगितले. कारखान्यात प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असायचा. अंगाला किती रेडिएशन लागले ते त्या बिल्ल्यात उमटायचे. महिन्याला बिल्ले तपासायला जात, आणि ज्याचा बिल्ला भरला त्याला ठेकेदार चार-चार महिने घरी बसवायचा. काम बंद, रोजी बंद. म्हणून बिल्ला भरू न देणे ही तिथल्या मजुरांची हुशारी होती. चंपत आत, भट्टीच्या बाजूला असे. दौलत बाहेरच्या कामाला होता; तिथे बिल्ला लावला की नाही हे कोणी बघत नसे, आणि भरला तरी बाहेरच्याला कोणी घरी बसवत नसे. त्या साली चंपतच्या पोरीचे लग्न निघालेले. महिन्यातले चार दिवस चंपत स्वतःचा बिल्ला लावायचा, बाकीचे दिवस दौलतचा.

"एक साल म्हणता म्हणता सात सालं तसंच चाललं," दौलत म्हणाला. "सगळेच करत. ठेकेदाराले बी ठाऊक होतं. आमाले वाटे, बिल्ला भरला नाई म्हंजे माणूस बी भरला नाई."

विमलबाई मटकन त्याच्या शेजारी बसली. पदर तोंडाला लावून ती आधी रडली, मग तिला हसू यायला लागले. आठ दिवस जी धोंड छातीवर होती ती कोणीतरी उचलून बाजूला ठेवली होती. ह्याला काही नाही. सारे त्या दुसऱ्याचे. आणि हे मनात आल्याबरोबर, चहाचे आधण ठेवणारी तुळजाबाई तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिला आपलीच लाज वाटली.

"मंग काऊन सांगत नाई तिकडं? भाऊजीच्या हक्काचं तुमच्या नावावर पडून राह्यलं."

"केसचं भेव वाटते. सरकारी कागदाची गोष्ट हाये."

"होऊ द्या केस. उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईकडून चंपतचे पत्र मागून घेऊन ते सकाळच्या ऑटोने आदिलाबादला गेले. कचेरीसमोरच्या लिंबाखाली माणिकराव अर्जनवीस बसायचा. त्याचे तेलुगू अक्षर साहेब लोकांना आवडते असा त्याचा लौकिक होता. त्याने दोन्ही पत्रे आणि त्यांच्यासोबत आलेला समितीचा माहितीचा कागद चष्म्यापुढे धरून वाचला, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि बयान लिहायला घेतले. दौलत धडाधडा बोलत होता. एकदा तोंड उघडल्यावर त्याला आता कशाचेच भय उरले नव्हते.

"केस होत नाई," माणिकराव म्हणाला. "आपनहून सांगनाऱ्याले माफीचं कलम हाये ह्याच्यात. आता हे सांगा, तुमचा बिल्ला चंपतपाशी होता तवा तुमी सोता कुठी होते? हे लिवल्याबिगर बयान होत नाई."

"मी धुलाईत होतो."

"कायची धुलाई?"

"कपड्याइची. आतून जे लोक निंगत त्याइचे कपडे. निसतं साबण अन् पाणी. सगळ्यात सोपं काम होतं ते, लोकं हेवा करत माहा."

"हातमोजे होते?"

"पहिल्या साली होते. फाटले, मंग आले नाई."

माणिकरावाची लेखणी थांबली. "आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आणा," तो म्हणाला. "समोरच हाये दुकान."

दौलत रस्ता ओलांडून गेला. माणिकरावाने समितीचा कागद विमलबाईकडे वळवला आणि तेलुगूतल्या एका ओळीखाली बोट ठेवले.

"बाई, ह्या यादीत धोक्याची कामं लिवली हायेत. भट्टी पहिल्या नंबरवर. ही तिसरी ओळ धुलाईची हाये."

तिला ती अक्षरे वाचता येत नव्हती. तरी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"ह्याइले लागलं असन का?"

"ते कोण सांगन? बिल्लाच नव्हता." त्याने आवाज खाली आणला. "हे बयान गेलं का ह्याइच्या नावावरचं सारं चंपतकडं जाईन. ह्याइचा कागद कोरा; यादीत काम असलं तरी समिती बिल्ल्याचा आकडाच पाह्यते. हैदराबादची तपासणी बी रद्द होईन, अन् पुढं काई झालं तं दाखवाले काईच राहनार नाई. नाई धाडलं, तं चंपतले काई भेटत नाई." त्याने लेखणी पुन्हा उचलली. "ह्याइले सांगू, का तसंच लिवू?"

समोर झेरॉक्सच्या दुकानात दौलत दुकानदाराशी काहीतरी बोलून हसत होता. आठ दिवसांची भीती विमलबाईने कशीबशी ओळखीची करून घेतली होती. त्या भीतीला कागद होता, तारीख होती, जायला हैदराबाद होते. ही जी आता आली तिला काहीच नव्हते. हा कागद फाडावा, ह्याचा हात धरावा आणि सरळ ऑटोत जाऊन बसावे, असे तिला वाटले, खरोखर वाटले. मग तिला चंपतचे मनगट आठवले. आणि दौलतला सांगितले तरी तो सही करणारच, हेही तिला पक्के माहीत होते. फक्त त्यानंतर तो असा हसणार नाही.

"लिवा," ती म्हणाली. "त्याइले सांगू नका."

दौलत झेरॉक्स घेऊन आला. माणिकरावाने बयान वाचून दाखवले. दौलतने प्रत्येक ओळीला मान हलवली आणि दाखवलेल्या जागी वळणदार सही केली.

ऑटो भरायला वेळ होता. दौलतने गाड्यावरून मिरचीची भजी आणली, गरम होती म्हणून फुंकून पहिले तिच्या हातावर ठेवले आणि तिच्याकडे बघून मोकळा हसला.

"आता तं तुहं भेव गेलं ना?"

"गेलं," विमलबाई म्हणाली.